टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीचं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट: पैसे वसूल होतात का?

लूमवाला_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी साध्या पॉवरलूमवर सुरू केला, आता काही रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचे नवे लूम, घेतलेत. रंगाई बाहेरून करून घेतो, शिलाई आणि चेकिंग घरचंच. आतापर्यंत माल किलोवर जायचा. व्यापारी यायचा, टॉवेल हातात चुरगळून बघायचा, भाव ठरला की गठाण बांधून मोकळे. आता हॉटेलला माल पुरवणारे दोघं आणि एक एक्स्पोर्टचा एजंट नगावर माल मागताहेत, आणि तिघांचंही पहिलं वाक्य एकच: "आयएसओ आहे का?" म्हणजे क्वालिटीच्या कामपद्धतीचं सर्टिफिकेट.

एक कन्सल्टंट येऊन गेला. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट हातात, फाइल आम्हीच बनवतो, तुम्ही फक्त सह्या करा म्हणाला. पुतण्या इंजिनियर झालाय, त्याला सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट, म्हणजे दोष कमी करायचा कोर्स, करायचाय, त्याची फी वेगळी. असोसिएशनमधले एक जण म्हणाले की सरकारची झेड नावाची काही योजना आहे, ती करा. म्हणजे चहूकडून खर्चच दिसतोय.

माझा सरळ प्रश्न आहे. ह्यातून धंद्याला नक्की काय मिळतं? सेकंडचा, म्हणजे दोष निघालेला, माल कमी होतो का, पैसे वाचतात का, पार्टी टिकते का? ऑफिसात गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम लावायला मला पैसे घालायचे नाहीत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी लिहा, पुस्तकातलं नको.

शेंगाचटणी

मालक, फ्रेमच मिळते बघा. आमच्या शेजारच्या युनिटनं घेतलंय. ऑडिटर येणार म्हटलं की आदल्या रात्री सगळी बसून सहा महिन्यांची रजिस्टरं भरतात. सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनानं, एकाच अक्षरात, आणि रविवारचीसुद्धा नोंद आहे. ऑडिटरलाही कळतंय, मालकालाही कळतंय. चहा-भजी होते आणि शिक्का बसतो. त्यांचा सेकंडचा ढीग होता तेवढाच आहे.

चेकिंगटेबल

लूमवाला भाऊ, मी टॉवेलच्या चेकिंगमध्ये निम्मं आयुष्य काढलंय. आधी टेबलावर, मग सुपरवायझर, शेवटी क्वालिटीची सगळी जबाबदारी. आता घरी असते, कुणी छोट्या युनिटवाल्यानं बोलावलं तर जाऊन शिकवते. तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

शेंगाचटणी लिहितात ते खोटं नाही. रात्री भरलेली रजिस्टरं मीही पाहिलीत. पण तुम्ही ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट एकाच खर्चाच्या वहीत मांडताय, ते वेगळं करा. सर्टिफिकेट बाहेरच्याला दाखवायला असतं. पैसे वाचतात ते ट्रेनिंगमुळे, तेही ते योग्य माणसाला दिलं तर.

आधी वजनाचं सांगते, कारण तुमचा पैसा तिथंच अडकलाय असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय. किलोवर विकत होतात तोवर टॉवेल जड झाला तरी तुमचं काही जात नव्हतं, जास्तीच्या वजनाचे पैसे व्यापारी मोजत होता. नगावर आलात की जड टॉवेल म्हणजे फुकट दिलेलं सूत. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल घ्या. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. पार्टीला ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम, पाहिजे, म्हणजे टॉवेल ५०६ ग्रॅमचा. तुमच्या लूमवर ४६५ पडत असेल तर तो ५२३ ग्रॅमचा होतो. हा फरक हाताला कळत नाही, मलाही कळायचा नाही. पण नगामागे १७ ग्रॅम गेले, आणि दहा हजार नगांच्या ऑर्डरला जवळजवळ १७० किलो. त्याला आजच्या सुताच्या भावानं गुणा. वर रंगाईचा दर लावा, कारण रंगाईवालाही किलोवरच बिल करतो. हे सेकंडसारखं कोपऱ्यात साठत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. माल फ्रेश म्हणून जातो, पार्टी खूश, आणि वर्षाअखेर सूत एवढं कसं लागलं म्हणून स्टोअरवाल्यावर संशय.

जॉबर, म्हणजे लूम लावणारा कारागीर, मुद्दाम करत नाही हे. हलका निघाला तर पार्टी पैसे कापते, मालक ओरडतो. जड निघाला तर कुणीच काही बोलत नाही. मग तो पाईल, म्हणजे टॉवेलवरचे लूप, जरा उंचच ठेवणार, त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

ह्यावर जे शिकवलं जातं त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसानं १९२४ मध्ये काढलेली पद्धत आहे आणि अजून तशीच चालते. एका लूमचे पाच टॉवेल प्रत्येक पाळीत काट्यावर ठेवायचे, सरासरी काढून कागदावर टिंब द्यायचं. काही दिवसांच्या टिंबांवरून वरची आणि खालची अशा दोन रेघा निघतात. रेघा कशा काढायच्या ते शिकायला अर्धा दिवस पुरतो. टिंब दोन रेघांच्या आत खालीवर होत असेल तर लूमला हात लावायचा नाही. रेघेबाहेर गेलं तर थांबवून कारण शोधायचं. ह्यातलं हात न लावणं लोकांना जास्त जड जातं. आपल्याकडे एक टॉवेल जड आला की जॉबर सेटिंग फिरवतो, पुढचा हलका येतो, परत फिरवतो. वजन जे एवढं हलतं त्यातलं बरंचसं ह्या फिरवाफिरवीनंच हलतं. ती थांबली की चढउतार कमी होतो, आणि मग पाईल थोडी खाली आणायला जॉबर घाबरत नाही. पैसा इथं वाचतो.

एक आपल्या गावची भानगड. कापूस हवेतलं पाणी धरतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं, आणि व्यवहाराचा हिशोब त्यावरच धरलेला आहे. आपला एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिसाच्या वर आणि हवा भाकरीच्या तव्यासारखी कोरडी. तोच टॉवेल काट्यावर हलका भरतो. जॉबरला वाटतं वजन पडलं, तो पाईल वाढवतो, आणि माल मुंबईच्या दमट हवेत पोचला की आणखी जड. ह्यावर प्रयोगशाळा बांधायची गरज नाही. एक चांगला टॉवेल काट्याशेजारी कायमचा टांगून ठेवायचा, रोज मोजणीच्या आधी त्याचं वजन करायचं. तो जेवढा हलका झाला तेवढी सूट बाकीच्यांना द्यायची. मी जिथं जाते तिथं आधी हा टॉवेल टांगते. एका ठिकाणी मालकाच्या पाहुण्यानं त्याला हात पुसले होते, तेव्हापासून वर पाटी पण लावते.

आता सेकंड. तुमच्या चेकिंग टेबलावर काय लिहितात? बहुतेक ठिकाणी लिहितात "आज एवढे सेकंड". ह्या आकड्याचा काही उपयोग नाही. आमच्याकडे ट्रेनिंगनंतर टेबलाला एक कागद चिकटवला. तेलाचा डाग, लूप ओढलेला, पिक (आडवा धागा) तुटलेला, बॉर्डर तिरकी, शिलाई उसवलेली, शेड (रंगछटेतला फरक). दोष दिसला की उभी रेघ, आणि शेजारी लूम नंबर आणि पाळी. लूम नंबर कळावा म्हणून टॉवेलच्या तुकड्याला लूमवरच खडूनं खूण करायची, जी कापताना जाऊ नये. ह्या खुणेवरून आमच्याकडे भांडणं झाली, कारण आता माल कुणाचा ते कळणार होतं.

सगळ्यात जास्त रेघा तेलाच्या डागांसमोर आल्या. त्याआधी डाग म्हटलं की शिलाईच्या बायकांना बोलणी बसायची. मशीनला तेल जास्त घालता, हात पुसत नाही, वगैरे. कागदावर दिसलं की डाग मोजक्याच लूमचे आहेत आणि पाळी बदलल्यावर जे पहिले टॉवेल निघतात त्यांवरच जास्त. झालं असं की ऑइलमन पाळी सुटता सुटता तेल घालून निघून जायचा. जादाचं तेल पुसणं कुणाच्याच कामात नव्हतं. नवा माणूस येऊन लूम सुरू करायचा आणि ते थेंब पहिल्या मालावर उडायचे. उपाय काय, तर तेल घालायची वेळ अर्धा तास आधी घेतली आणि पुसायला चिंध्या ठेवल्या. खर्च शून्य म्हटलं तरी चालेल. डाग पूर्ण गेले नाहीत, पण ढीग डोळ्यांदेखत उतरला. शिलाईतल्या एका मावशींनी तो कागद मागून घेतला होता, घरी दाखवायला.

तुम्ही म्हणाल ह्याला ट्रेनिंग कशाला, अक्कल पुरे. अक्कल आमच्याकडे आधीही होती. डाग कुठून येतो ह्यावर तर प्रत्येकाचं ठाम मत होतं.

फाइलवाला_पुणे

ताईंनी कारखान्यातलं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. सर्टिफिकेशन ऑडिटच्या कामात आहे.

आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त मानकं लिहिते, सर्टिफिकेट ती कुणालाच देत नाही. ते देतात वेगवेगळ्या सर्टिफिकेशन संस्था, आणि त्यांना मान्यता देणारी संस्था आपल्याकडे एनएबीसीबी, जी भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. कन्सल्टंटला एकच विचारा: सर्टिफिकेट कुणाचं आणि त्या संस्थेला मान्यता कुणाची? चांगली पार्टी आयएएफ, म्हणजे मान्यता देणाऱ्या संस्थांचा जागतिक मंच, त्याच्या सर्टसर्च साइटवर नंबर टाकून बघते. तिथं सापडलं नाही तर एजंट तोंडावर काही बोलणार नाही, फोन मात्र परत येणार नाही.

पंधरा दिवसांचं गणित बसत नाही. पार्टी आयएसओ म्हणते ते बहुधा आयएसओ ९००१. ऑडिटच्या आधी तुमचं तुम्ही एकदा अंतर्गत ऑडिट केलेलं असावं लागतं आणि मालकानं बसून आढावा घेतलेला असावा लागतो. त्यासाठी काही महिन्यांच्या खऱ्या नोंदी हव्यात. मग ऑडिट दोन टप्प्यांत होतं. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पण मधे दरवर्षी देखरेख ऑडिट असतं आणि त्याची फी असते. हा पुढचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या, तिथंच लोक फसतात. आणखी एक, जी संस्था सर्टिफिकेट देते तिनंच तुमची फाइल बनवून द्यायची, हे नियमात बसत नाही. दोन्ही एकाच छताखाली मिळतंय म्हटलं की समजून जा.

आयएसओ ९००१ हे कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, टॉवेलचं नाही. टॉवेलच्या लेबलवर त्याचा शिक्का छापता येत नाही. सोलापुरात हे छापलेलं मी पाहिलंय, म्हणून सांगतो. आणि सोलापुरी चादरीला, टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, म्हणून क्वालिटीचं सर्टिफिकेट वेगळं कशाला, असंही कुणी कुणी म्हणतं. जीआय माल कुठला ते सांगतो. पार्टीचा प्रश्न वेगळा असतो.

एक्स्पोर्टच्या एजंटला तर नीट विचारा की त्याला नक्की काय पाहिजे. युरोपचा माल असेल तर त्याला ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हवं असण्याची शक्यता जास्त. त्यात कापडात घातक रसायनं आहेत का ते तपासतात. जर्मनीनं काही अझो रंगांवर १९९४ मध्ये बंदी घातली तेव्हापासून हा विषय आहे. ते सर्टिफिकेट एका वर्षाचं असतं. तुमची रंगाई बाहेर होते, म्हणजे ह्यात तुमच्याइतकाच रंगाईवाला आला. तो कुठला रंग वापरतो हे तो लिहून द्यायला तयार आहे का, हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

झेडबद्दल (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट): छोट्या उद्योगांना क्वालिटीचं सर्टिफिकेट देणारी एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) मंत्रालयाची योजना, २०२२ मध्ये नव्यानं सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन स्तर. फी अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये, आणि त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सबसिडी अशी रचना जाहीर झाली. महिलांच्या मालकीच्या युनिटला पूर्ण सूट. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, लागते. भरायच्या आधी पोर्टलवर आजचे आकडे बघून घ्या. त्याच मंत्रालयाची कामातली नासाडी कमी करायची लीन योजना २०२३ मध्ये आली, त्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलेल असं जाहीर झालं. तुमच्या जागी मी ब्राँझपासून सुरुवात केली असती. पार्टी ते ओळखेल असं नाही, पण घर आवरायला निमित्त मिळतं आणि खिशाला झळ बसत नाही.

लूमवाला_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे आभार. कन्सल्टंटला मान्यतेचं विचारलं, साहेब "बघून सांगतो" म्हणाले.

ताई, काल रात्री कटिंगच्या गठ्ठ्यातले टॉवेल काढून काट्यावर टाकले. आकडे इथं लिहीत नाही, जेवण गेलं नाही एवढंच सांगतो.

पण अडचण वेगळी आहे. आमचा जॉबर तेलुगू बोलणारा, मराठी समजतं, इंग्रजी कागद बघितला की चष्मा शोधायला जातो. ऑइलमन कर्नाटकातला. ट्रेनिंगवाले पुण्या-मुंबईहून येऊन स्क्रीनवर इंग्रजी चित्रं दाखवतात. शिवाय लूम नंबर लिहायचं म्हटल्यावर आतापासूनच कुजबुज सुरू झाली, की शेठ आता पगार कापणार. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत निम्मी माणसं यात्रेत, तेव्हा बदली माणसं लावतो, त्यांना कोण शिकवणार?

चेकिंगटेबल

पगार कापायचा विचार असेल तर कागद लावूच नका. दंडाला जोडलेला कागद दुसऱ्या दिवसापासून कोरा येतो आणि डागाचा टॉवेल गठ्ठ्याच्या मधोमध जातो, जिथं तो पार्टीलाच सापडतो. हे मालकानं सगळ्यांसमोर, पाळी बदलताना, स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे. मी सांगून उपयोग नाही.

मला हे पटलं ते मण्यांच्या खेळामुळे. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग म्हणून अमेरिकन होते, युद्धानंतर जपानला जाऊन त्यांनी क्वालिटी शिकवली, त्यांच्या नावानं जपानमध्ये १९५१ पासून बक्षीस आहे. हा खेळ ते आपल्या वर्गात घ्यायचे. आमच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी एक डबा आणला होता. त्यात पांढरे मणी, आणि पाच मण्यांत एक लाल. एका फळीला पन्नास खड्डे. फळी मण्यांत बुडवायची आणि वर काढायची, पन्नास मणी येतात. लाल मणी म्हणजे खराब माल. आम्हा सहा जणांना कामगार केलं. एकीला इन्स्पेक्टर. सर झाले मालक, आणि असले खमके मालक झाले की बस.

आमच्यातल्या एका जॉबरच्या फळीत पहिल्यांदा पाचच लाल आले. सरांनी टाळ्या वाजवल्या, ह्याच्याकडून शिका म्हणाले. माझ्या फळीत चौदा. मला सगळ्यांसमोर झापलं, लक्ष कुठंय म्हणून. दुसऱ्या फेरीत जॉबरचे तेरा आले, सर म्हणाले बक्षीस मिळालं की माणूस शेफारतो. माझे आठ, तर म्हणाले बघा, झापल्यावर सुधारली. आम्ही हसत होतो, पण खरं सांगू का, तिसऱ्या फेरीला मी फळी जरा तिरकी करून, हळूच, श्वास रोखून काढत होते. डब्यातले लाल मणी कमी कर म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, सगळे आपापली फळी धरायची तऱ्हा सुधारत बसले. हे जॉबरला कुठल्याही भाषेत समजतं, कारण तो हे रोज सोसतो. मणी बाजारात मिळतात, फळी सुताराकडून करून घ्या. मालक तुम्ही व्हा. नाही, तुम्ही फळी धरा आणि जॉबरला मालक करा, जास्त रंगेल.

शिकवायला बाहेरचा माणूस एकदा आणा, तो एका जॉबरला आणि एका चेकरला नीट तयार करून जाऊ दे. पुढचं ते दोघं शिकवतील. पाळी बदलताना अर्धा तास, तो पगारी धरायचा. तेलुगूत, कन्नडात, जसं बोलतात तसं. कागदावर शब्द कमी आणि चित्रं जास्त: थेंब, लूप, तुटकी रेघ. आणि ऑइलमनला बोलवाच. ट्रेनिंगला मालकाचा मुलगा, पुतण्या, ऑफिसातला कारकून जातो आणि ज्याच्या हातात तेलाची बाटली आहे तो लूमवरच राहतो, असं फार ठिकाणी बघितलंय.

गड्ड्याचं म्हणाल तर बदली माणूस येतोय हे तुम्हाला डिसेंबरातच माहीत असतं. त्याला नवी डिझाइन देऊ नका, एवढंच.

शेडचं लिहायचं राहिलं. रंगाई बाहेरची असली तरी एक काम तुमच्या हातात आहे: लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेला माल, मिसळू देऊ नका. एका हॉटेलच्या ऑर्डरमध्ये आम्हाला सारखी शेड बदलून यायची, रंगाईवाला म्हणायचा सूत वेगळं, आम्ही म्हणायचो रंग वेगळा. तारखा लावल्यावर दिसलं की त्याच्याकडे पाण्याचा टँकर ज्या दिवशी वेगळ्या बोअरचा आला त्या दिवशीचा लॉट बिघडलेला. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम रंगाच्या आड येतं. मग त्यानं आलेलं पाणी तपासून, क्षार बांधणारं रसायन घालून घ्यायला सुरुवात केली. मुद्दा हा की तारखा दोन्हीकडे लिहिलेल्या होत्या म्हणून भांडण मिटलं. लॉटचं कार्ड गाडीवर मालाबरोबर जाऊ द्या आणि मालाबरोबरच परत येऊ द्या.

युनिफॉर्म_शिवतो

आम्ही शाळेचे गणवेश शिवतो, तर थोडा वेगळा सूर लावतो. आयएसओ घेतलं होतं, मुदत संपल्यावर पुढं केलं नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार, त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही. दरवर्षीचा ऑडिटरचा खर्च मात्र ठरलेला.

पण त्या निमित्तानं जे कागद लागले ते चालू ठेवलेत. आमचं दुखणं साइजचं होतं. एकाच नंबरचे दोन शर्ट बाहीला वेगळे. कटिंगच्या थप्पीत वरचा आणि खालचा थर जुळत नव्हता, थप्पी फार उंच लावायचो. आता वरचा, मधला आणि तळाचा असे तीन तुकडे काढून पॅटर्नवर ठेवून बघतो. शाळा जूनला उघडतात, त्या आठवड्यात माल परत आला तर दुरुस्त करून द्यायला वेळच नसतो, दुकानदार दुसऱ्याकडून उचलतो आणि पुढच्या वर्षी पण त्याच्याकडेच जातो. तेव्हा "पार्टी टिकते का" ह्या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर होय, पण ती थप्पीमुळे टिकली. सर्टिफिकेट होतं तेव्हाही आणि नाही तेव्हाही.

चेकिंगटेबल

युनिफॉर्मवाल्या भाऊंचं बरोबर आहे, त्यांना नको. लूमवाल्यांना लागेल, कारण हॉटेलच्या खरेदी खात्यात फॉर्म असतो आणि त्या रकान्यात "नाही" लिहिलं की पुढं कुणी टॉवेल हातात घेऊन बघतच नाही. पण ते सहा-आठ महिन्यांनी घ्या. तोवर वजनाचे कागद आणि रेघांचे कागद साठलेले असतील, ऑडिटरसमोर तेच ठेवायचे. रात्री बसून काही भरायची पाळी येणार नाही.

लूमवाला_अक्कलकोटरोड

पटलं. शेवटचे दोन प्रश्न. पुतण्याला ग्रीन बेल्टला घालू का नको? आणि काटा कुठला घेऊ? आमच्याकडे गठाणीचा मोठा आहे, त्यावर एक टॉवेल ठेवला की काटा हलतच नाही.

फाइलवाला_पुणे

बेल्ट देणारी एकच अधिकृत संस्था जगात नाही. सिक्स सिग्मा मोटोरोलात १९८६ च्या सुमारास सुरू झालं, नंतर ज्याला वाटेल तो बेल्ट वाटू लागला. दोन दिवसांचे ऑनलाइन बेल्टही मिळतात. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे कोर्स आहेत, अमेरिकेच्या एएसक्यू या क्वालिटीच्या संस्थेची परीक्षा आहे. एएसक्यूच्या ग्रीन बेल्टला तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तेव्हा पुतण्या नवा असेल तर ती आत्ता नको. कोर्स निवडताना एकच बघा, शेवटी स्वतःच्या कारखान्यातला प्रोजेक्ट करून दाखवावा लागतो का. नसेल लागत तर पैसे वाचवा.

चेकिंगटेबल

घाला की, शिकलेलं पोरगं आहे. पण प्रोजेक्ट वजनाचा द्या, आणि कोर्सला जायच्या आधी महिनाभर त्याला चेकिंग टेबलावर उभा करा, दोन्ही पाळ्यांना. सूत किती वाचलं तो आकडा त्यानं तुमच्या अकाउंटंटकडून सही करून आणायचा. स्वतःच्या एक्सेलमधला चालणार नाही.

काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक घ्या, दोन-तीन किलोच्या क्षमतेचा पुरे. वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का असलेला घ्या आणि फेरपडताळणीची तारीख काट्यावरच चिकटवा, ऑडिटर तिथं आधी बघतो. पंख्याखाली ठेवू नका, आकडा नाचतो.

शेंगाचटणी

मालक, मण्यांचा खेळ कधी आहे ते कळवा, मी पण येतो. शेजारच्या शेठला पण आणतो.